जुगाराचे साहित्य, साहित्यातला जुगार

जिल्ह्यातल्या एखाद्या दैनिकाचे आतले पान उघडले की एक बातमी वरचेवर भेटते. तालुका तेवढा बदलतो. ‘बिंगो जुगार अड्ड्यावर छापा’ हा मथळा. खाली पथकातील अधिकाऱ्यांची नावे, ताब्यात घेतलेल्यांची नावे, वये आणि राहण्याची ठिकाणे. आणि शेवटी ‘रोख रक्कम, मोबाइल, संगणक व जुगाराचे साहित्य असा मुद्देमाल हस्तगत’. मराठीच्या अध्यापकाने या ‘साहित्य’ शब्दापाशी थबकायला हवे. आम्ही इतकी वर्षे थबकलो नाही. बातमीत माणसांना नावे असतात, यंत्राला नसते. ते कुणी बनवले, कुणी बसवले, आत काय करून ठेवले होते, याबद्दल चकार शब्द नसतो. ते नुसते साहित्य. आणि ज्यांचा व्यवसायच साहित्य आहे असे आम्ही लोक जुगाराचा विषय निघाला की हीच बातमी जरा अलंकृत भाषेत पुन्हा लिहितो: खेळणाऱ्याचे नाव, त्याचा अधःपात, आणि तात्पर्य.

या सवयीविरुद्ध आम्हांला काही म्हणायचे आहे. सवय आमचीही असल्यामुळे वाचकांनी यातला रोख केवळ इतरांवर आहे असे समजू नये.

निमित्त एका चर्चासत्राचे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या (२०२४ पूर्वीच्या अहमदनगरच्या) एका महाविद्यालयात ‘मराठी साहित्यातील व्यसनाचे चित्रण’ असा विषय होता. धर्मराजापासून ‘एकच प्याला’तल्या सुधाकरापर्यंत सगळ्यांना एका माळेत ओवण्यात आले; माळेचा दोरा ‘मनाचा दुबळेपणा’. आम्हीही एक निबंध वाचला आणि त्यातही दोरा तोच होता. मधल्या सुट्टीत चहाच्या टपरीवर एक जुना विद्यार्थी भेटला. आता तो बाजार समितीत कारकुनी करतो. मागच्या बाकावर बसून त्याने आमचा निबंध ऐकला होता. वीसएक वर्षांपूर्वी एस. टी. स्थानकामागच्या एका गाळ्यातल्या पत्त्यांच्या व्हिडिओ यंत्रावर त्याने बरेच पैसे घालवले होते, हे त्यानेच सांगितले. मग म्हणाला, ‘‘सर, तुम्ही सांगता ते खरंय. पण त्या मशीनवर आपल्या हातात काहीच नसतं. नुसती बटनं. पत्ते कोण पिसतंय दिसत नाही, काटता येत नाही, थांब म्हणता येत नाही. हारलो त्याचं काही नाही सर. पण खेळू तरी द्यायचं ना.’’

आम्ही हसलो. टपरीवरचे सगळेच हसले. गळाला लागलेल्या माशाने गळाच्या धारेबद्दल गाऱ्हाणे सांगावे तसे ते वाटले. जुगाऱ्याने पश्चात्ताप करावा, फार तर शपथ घ्यावी; यंत्राच्या रचनेबद्दल तक्रार करण्याचा त्याला काय अधिकार? तोही आमच्याबरोबर हसला आणि कपाचे पैसे देऊन निघून गेला. दुपारच्या सत्रात आम्हांला कुणाचाच निबंध नीट ऐकू आला नाही. त्या दिवशी साऱ्या सभागृहात जुगाराविषयी जाणकाराने केलेले विधान ते एकच होते, आणि आम्ही ते हसण्यावारी नेले होते.

त्याचे गाऱ्हाणे नीट समजून घ्यायचे तर तिरटीच्या डावापासून सुरुवात करावी लागेल. आपल्याकडे तीन पत्त्यांच्या डावाला तिरट म्हणतात. पोते अंथरून चारसहा जण बसतात. पिसणाऱ्याचे हात सगळ्यांना दिसतात. पिसलेली थप्पी शेजाऱ्यापुढे काटायला ठेवतात. संशय आला तर ‘नवा जोड आण’ म्हणता येते. पाने वाटली जात असताना बोटांकडे बघता येते, समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघता येते, पान टाकून देऊन एक डाव नुसते बसून राहता येते. भांडता येते. आणि ‘आलोच’ म्हणून उठता येते, मग परत न गेले तरी चालते. तिरटीचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. तिने या जिल्ह्यात किती दावणी मोकळ्या केल्या हे गावोगावच्या म्हाताऱ्यांना ठाऊक आहे. पण त्या पोत्यावर हरणाऱ्या माणसाला आपण कुणाविरुद्ध आणि कसे हरतो आहोत हे कळत असे.

आता यंत्र. पडद्यावर पाच पत्ते येतात. प्रत्येकाखाली एक बटण: हा पत्ता धरायचा की सोडायचा. शेजारी पैज वाढवण्याचे आणि पाने वाटण्याचे. सोडलेल्या पत्त्यांच्या जागी नवे येतात आणि डाव संपतो. आमच्या विद्यार्थ्याची गाऱ्हाणी चार होती. पहिले वेगाचे: विचार करायला थांबावे तर पडदा लुकलुकून खुणावत राही, आणि मागचे गिऱ्हाईक घाई करी. दुसरे ‘दुप्पट’चे: जिंकल्यावर यंत्र लगेच विचारी, जिंकलेले पुन्हा लावून दुप्पट करायचे का? हा प्रश्न बंद करण्याची सोय नव्हती, आणि सरावलेले बोट चुकून त्याच बटणावर पडे. तिसरे चावीचे: भरलेल्या पैशांचे अंक पडद्यावर चढवायचे आणि जिंकलेले उतरवायचे ते गल्ल्यावरच्या पोऱ्याच्या चावीने. खेळणाऱ्याला पैसे आत घालण्याची घाई करता येई, बाहेर काढण्याची नाही. चौथे दरपत्रकाचे: कोणत्या डावाला किती मिळणार हे सांगणारा तक्ता होता, पण त्यावर कसलेसे स्टिकर चिकटवलेले. ‘‘आणि पानं कुणी पिसली ते विचारायचंच नाही,’’ असे तो म्हणाला होता; ते पाचवे धरा.

ही गाऱ्हाणी किती नेमकी आहेत हे व्हिडिओ पोकर ज्या देशात जन्मले तिथला व्यवहार पाहिल्यावर कळते. १९७०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात ही यंत्रे रुजली. तिथल्या नियमांनुसार पत्त्यांचा खेळ दाखवणाऱ्या यंत्रात प्रत्येक पत्ता येण्याची शक्यता खऱ्या बावन्न पानांच्या जोडाइतकीच ठेवावी लागते. त्यामुळे दरपत्रक वाचता येणाऱ्याला यंत्र किती खाते हे गणिताने काढता येते. सर्वांत प्रचलित प्रकारात ‘फुल हाउस’ला नऊपट आणि ‘फ्लश’ला सहापट देणारे यंत्र अचूक खेळणाऱ्यास शंभरातले सुमारे ९९.५ परत करते. तेच आकडे आठ आणि पाच केले की ९७.३, सहा आणि पाच केले की ९५. बटणे तीच, पत्ते तेच, तक्त्यातले दोन आकडे तेवढे बदलतात. म्हणून तक्त्यावर स्टिकर चिकटवणे हा गबाळेपणा नव्हता. आणि बिनपरवान्याच्या स्वस्त यंत्रांत तर परताव्याचे प्रमाण आतल्या पाटीवरच्या बारीक खटक्यांनी मालकाला हवे तसे बसवता येते. तिथे तक्ता वाचूनही उपयोग नाही.

वेगाचे गणितही करून पाहू. पोत्यावर किंवा टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव होतात. यंत्रावर सराव झालेला माणूस पाचशे-सहाशे खेळतो. पाच रुपयांचा डाव आणि शेकडा पाचाची तूट धरली तर तीस डावांत सरासरी साडेसात रुपये जातील, सहाशे डावांत दीडशे. माणूस तोच, लोभ तेवढाच, मनाचा दुबळेपणाही तेवढाच, नुकसान वीसपट. आमच्या चर्चासत्राच्या परिभाषेत या वीसपटीला कुठे जागा होती? दुबळेपणा वीसपट झाला असे म्हणायचे काय?

आणि ज्याला ‘कौशल्य’ म्हणतात ते या यंत्रावर असतेच. कोणते पत्ते धरावेत याचा अचूक हिशेब करता येतो, अडाणी आणि जाणता यांच्यात फरक पडतो. पण त्या कौशल्याचे बहुतेक यंत्रांवरचे परमोच्च फळ काय? सावकाश हरणे. ज्या विद्येत पारंगत झाल्यावर माणूस शंभराऐवजी दोनशे डावांनी कफल्लक होतो, तिला आपण एरवी विद्या म्हणणार नाही.

शब्दांची राखण करणे हे ज्यांचे काम आहे त्यांनी ‘कौशल्य’ या शब्दाचा आपल्याकडचा प्रवास एकदा तपासावा. मुंबई इलाख्याचा जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा. केवळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाही, असे त्याचे तेरावे कलम सांगते. १९६७ साली आंध्र प्रदेशातून आलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरवला. पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात, आणि कोणते पान धरायचे, कोणते टाकायचे यात कौशल्य आहे, हे कारण दिले. तीन पत्त्यांचा खेळ मात्र न्यायालयाने नशिबाच्या बाजूला टाकला. आता पुन्हा यंत्राच्या बटणांकडे पाहा: धरणे आणि टाकणे. रमीला सन्मान मिळवून देणाऱ्या नेमक्या त्याच दोन क्रियापदांची यंत्राने बटणे केली. क्रियापदे ठेवली आणि ज्या बैठकीत त्यांना अर्थ होता ती बैठक काढून टाकली. चार माणसे, एक थप्पी, दिसणारे हात, टाकलेल्या पानावरून दुसऱ्याच्या मनात काय आहे याचा अंदाज, यांतले काही उरले नाही. उरले ते व्याकरण.

त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे, ती जाहिरातवाले कधी सांगत नाहीत. रमीच का असेना, पैज लावून चाललेल्या खेळातून जागेचा किंवा क्लबाचा मालक नफा काढत असेल तर गुन्हा सिद्ध होऊ शकेल, असे न्यायालयाने म्हटले होते. म्हणजे खेळ कौशल्याचा की नशिबाचा या प्रश्नाशेजारी दुसरा प्रश्न ठेवला होता: यात घर कुणाचे भरते आहे? पहिला प्रश्न पुढे पन्नास वर्षे गाजला, दुसरा अडगळीत पडला. १९९५ साली कर्नाटक आणि तमिळनाडूतल्या व्हिडिओ गेमच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने यंत्रात मालकाला फेरफार करता येतो आणि जिंकण्याची शक्यताच संपवता येते, याची दखल घेतली. परवाना हवाच असे सांगितले. पण परवाना कसला? गोव्यात १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत ही यंत्रे आली ती ‘इलेक्ट्रॉनिक करमणूक’ या नावाखाली. महाराष्ट्रात व्हिडिओ गेमच्या यंत्रांवर शुल्क बसले तेही करमणुकीचेच. कॅसिनोंचे नियंत्रण करणारा १९७६ चा कायदा आपल्या विधिमंडळाने संमत केला, तो कधी अमलात आणला नाही, आणि २०२३ साली रद्द केला. सत्तेचाळीस वर्षे तो कागदावर होता. तेवढ्या काळात यंत्रे गाळ्यांत आली, गाळ्यांतून संगणकावर गेली, संगणकावरून खिशात आली.

खिशातल्या या पडद्याचा एक प्रसंग अजून ताजा आहे. जुलै २०२५ मध्ये तत्कालीन कृषिमंत्री सभागृहात मोबाइलवर रमी खेळत असल्याची चित्रफीत कर्जत-जामखेडच्या आमदारांनी प्रसृत केली. मंत्र्यांनी आरोप नाकारला: आपण खेळत नव्हतो, पडद्यावर आलेले बाजूला सारत होतो. त्यांचे खाते बदलून त्यांना क्रीडा खाते देण्यात आले, यावर पुष्कळ विनोद झाले. खरे-खोटे काय ते असो. आम्हांला त्यात एकच गोष्ट लक्षणीय वाटली. न बोलावलेला खेळ पडद्यावर येतो आणि तो घालवायला झटापट करावी लागते, हे वर्णन अशक्य आहे असे कुणीच म्हणाले नाही. प्रत्येकाच्या खिशात तो अनुभव होता. पुढच्याच महिन्यात संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. २२ ऑगस्ट २०२५ रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. खेळ कौशल्याचा असो, नशिबाचा असो वा दोन्हींचा, बंदी सारखीच, असे तो म्हणतो. ज्या शब्दावर एवढे साम्राज्य उभे राहिले तो शब्द कायद्यानेच निरर्थक ठरवला. बंदी योग्य की अयोग्य हा वाद वेगळा. पण ‘कौशल्य’ शब्दाचा हा दुरुपयोग चालू असताना मराठीच्या प्राध्यापकांनी, म्हणजे आम्ही, एक टिपण तरी लिहिले काय?

लिहिले नाही, कारण आम्ही तात्पर्यात गुंतलो होतो. आणि तात्पर्यासाठी ज्या ग्रंथांचे दाखले दिले ते तरी आम्ही नीट वाचले होते काय, अशी शंका आता येते.

सभापर्व घ्या. वर्गात आपण युधिष्ठिराच्या द्यूतासक्तीपासून सुरुवात करतो. पण पहिला फासा पडण्याआधी काय घडते? दुर्योधन जाहीर करतो की पणाचे धन माझे, खेळेल मात्र माझ्या वतीने शकुनी. यावर युधिष्ठिर स्पष्ट हरकत घेतो: एकाने दुसऱ्यासाठी खेळावे हे मला विषम वाटते. हे खेळणाऱ्याचे गाऱ्हाणे आहे, आणि ते खेळाच्या रचनेबद्दल आहे. ज्याचे धन तो समोर नाही, ज्याचा हात त्याचे काही जाणार नाही. गाळ्यातल्या यंत्राची याहून चांगली व्याख्या आम्हांला करता येणार नाही. सभेने ती हरकत कानाआड केली, आणि आपल्या अध्यापनाने ती आजवर कानाआडच ठेवली. पुढे द्रौपदी विचारते तो प्रश्नही पापपुण्याचा नाही, अधिकाराचा आहे: जो आधी स्वतःला हरला त्याला पुढचा पण लावता येतो काय? सभेत भीष्मांनाही त्याचे धड उत्तर देता आले नाही.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले अक्षसूक्त वर्गात ‘जुगाऱ्याचा विलाप’ म्हणून शिकवतात. त्यातला कवी मात्र फाशांचे वर्णन करताना ते बिनहाताचे असूनही हात असलेल्या माणसाला नमवतात, हे नोंदवायला विसरत नाही. आमच्या विद्यार्थ्याने टपरीवर ‘हातात काहीच नसतं’ म्हटले तेव्हा त्याने ते सूक्त वाचलेले नव्हते. आम्ही वाचले होते आणि आम्हांला आठवले नाही. ‘मृच्छकटिका’च्या दुसऱ्या अंकात हरलेल्या संवाहकामागे लागलेला माथुर हा द्यूतगृहाचा चालक आहे. संस्कृतात त्याला ‘सभिक’ असा स्वतंत्र शब्द आहे आणि नाटकात त्याला चेहरा, आवाज, क्रौर्य सगळे आहे. कौटिल्य तर द्यूतासाठी अध्यक्ष नेमतो. शुद्ध फासे त्याने पुरवायचे, बदलणाऱ्याला दंड, आणि जिंकणाऱ्याकडून शेकडा पाच घ्यायचे. त्याची नीती आम्हांला मान्य असेल-नसेल. पण त्याने खेळणाऱ्याच्या मनाआधी फासे तपासले.

मराठीच्या उंबरठ्यावर यावे. म्हाइंभटांच्या ‘लीळाचरित्रा’त चक्रधरांच्या पूर्वायुष्याची कथा येते. हरिपाळदेव जुगारात हरतात, घरी येऊन पत्नीकडे दागिने मागतात, आणि कमळाइसा नकार देतात. विरक्तीचे कारण म्हणून ही लीळा सांगितली जाते. आम्हांला आता त्यातले दुसरे काही दिसते. हरणे आणि पुढचा पण यांच्यामध्ये घरापर्यंतची वाट होती, आणि वाटेच्या टोकाला ‘नाही’ म्हणू शकणारे एक माणूस होते. खेळणाऱ्याचा ताबा केवळ त्याच्या मनात नसतो. तो अशा अंतरांत, अशा माणसांत वाटून ठेवलेला असतो. यंत्राने आणि पुढे मोबाइलवरच्या पैशांनी ही वाट शून्यावर आणली. आज कमळाइसांना कुणी विचारतच नाही. गेले हे दुसऱ्या दिवशी बँकेच्या संदेशावरून कळते.

आणि अखेर आमच्याच जिल्ह्यातले नेवासे. गीतेच्या दहाव्या अध्यायातल्या विभूतींत छळ करणाऱ्यांमधले द्यूत हीही एक आहे. नेवाशात त्या अध्यायावर बोलताना ज्ञानदेवांनी जुगाराला भर चव्हाट्यावरची चोरी म्हटले आहे, आणि ती कुणाला निवारता येत नाही हेही सांगितले आहे. परंपरागत टीका या ठिकाणी घाईने पुढे जाते. विभूतींच्या यादीत चोरी आली याचा संकोच वाटतो. पण शब्द पाहा: चोरी. चोरी म्हटली की चोर आला, आणि चोर तो ज्याचे गेले तो नव्हे. शके १२१२ मध्ये नेवाशाला जे दिसले ते आजच्या बातमीदाराला आणि आजच्या प्राध्यापकाला दिसत नाही. चव्हाट्यावर ज्याची चोरी झाली त्याच्याच वर्तनाची आम्ही चर्चासत्रे घेतो.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की आम्ही जुगाऱ्याला निर्दोष ठरवतो. तसे नाही. आमच्या विद्यार्थ्याने स्वतः ‘हारलो त्याचं काही नाही’ म्हणून आपला दोष पदरात घेतला होता, तोही आमच्याहून कमी शब्दांत. दोषी माणसाची साक्ष खोटी असते असे मात्र कुणी ठरवले? किंबहुना यंत्राच्या आत काय चालते याची साक्ष दुसरे कोण देणार? जो कधी त्या स्टुलावर बसला नाही तो?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या यंत्रांवर बंदीच हवी त्यांची बटणे सुधारा म्हणणे म्हणजे त्यांना मान्यता देणे नव्हे काय? आम्ही अधिक चांगली यंत्रे मागत नाही. पण बटणांचा विचार केल्याशिवाय बंदीचाही विचार नीट होत नाही. नॉर्वेने जुलै २००७ मध्ये दुकाना-दुकानांतली जुगाराची यंत्रे काढून टाकली. त्यानंतर सरकारी कंपनीने जी मोजकी यंत्रे आणली त्यांवर खेळायला स्वतःच्या नावाचे कार्ड लागते, आणि हरण्याला दिवसाची व महिन्याची मर्यादा असते. ती गाठली की यंत्र थांबते. यंत्राला थांबता येते, एवढाच याचा अर्थ. ज्याला तासाला सहाशे डाव मोजता येतात त्याला सहाशेएकावा नाकारताही येतो. आमच्या गाळ्यातल्या यंत्रावर धरण्याचे, टाकण्याचे, वाढवण्याचे, दुप्पट करण्याचे बटण होते, थांबण्याचे नव्हते. ते बसवायचे कुणाच्या मनात आले नाही असे नाही. ते बसवले की धंदा राहत नाही.

म्हणून ‘मनाचा दुबळेपणा’ हे स्पष्टीकरण निरुपद्रवी आहे असे आम्हांला आता वाटत नाही. यंत्रवाल्याला ते फार सोयीचे आहे. त्याच्या जाहिरातीच्या तळाशी ‘व्यसन लागू शकते, जबाबदारीने खेळा’ ही ओळ असे, आणि आमच्या निबंधाच्या तळाशीही जवळपास तीच ओळ होती. जबाबदारी खेळणाऱ्याची, हे त्याचेही म्हणणे आणि आमचेही. तो बटणे खेळणाऱ्याला देतो आणि चावी स्वतःजवळ ठेवतो; आम्ही तात्पर्य खेळणाऱ्याला देतो आणि चावीबद्दल बोलत नाही.

काय करावे? फार मोठे काही नाही. वर्गात सभापर्व येईल तेव्हा युधिष्ठिराची हरकत आधी वाचावी. ‘मृच्छकटिक’ शिकवताना ‘सभिक’ या शब्दापाशी थांबून मुलांना विचारावे की आजच्या मराठीत याला शब्द कोणता. ‘जुगारी’ म्हणजे खेळणारा हे सर्वांना ठाऊक असताना खेळवणाऱ्यासाठी एक धड प्रमाण शब्द आपल्याला का लागला नाही? ‘कौशल्य’, ‘करमणूक’, ‘जबाबदारी’ हे शब्द जाहिरातीतून, कायद्यातून आणि निबंधातून गोळा करून शेजारी शेजारी ठेवावेत. आणि ‘जुगाराचे साहित्य’ असे बातमीत आले की ते कोणते, त्याच्या आत काय होते, हे विचारणारे पत्र त्या दैनिकाला पाठवावे. साहित्याच्या अभ्यासकांनी एवढे करायला हरकत नसावी.

त्या दिवशी टपरीवर जो हसून निघून गेला त्याला आम्ही त्यानंतर भेटलो नाही. बाजार समिती काही दूर नाही. आमचा निबंध चर्चासत्राच्या पुस्तिकेत छापून येणार आहे असे कळते. तो मागे घेत असल्याचे आम्ही संयोजकांना कळवले आहे. त्याच्या जागी काय लिहायचे हे ठरवण्याआधी बाजार समितीत जाऊन त्याच्याकडून ते यंत्र पुन्हा एकदा, बटणा-बटणाने, समजून घ्यायचे आहे. या वेळी न हसता.